ओळख नसलेल्यांची सोय

जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत मुलं हल्ली एकमेकांना विचारतात, "पीआर किती झाले?" पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट. ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड सगळ्यांना उघडा असतो. त्यात आपण काही दुरुस्ती केली, तर ती प्रकल्प सांभाळणाऱ्यांपुढे, म्हणजे मेंटेनरांपुढे ठेवायची. त्यांनी तपासून स्वीकारली की ती 'मर्ज' झाली, आणि बायोडेटात एक ओळ वाढली. प्लेसमेंटच्या हंगामात या ओळीला भाव आहे. तो असावा का, यात मी आत्ता पडत नाही. माझा वाद त्याच्या अलीकडच्या पायरीवर आहे. बऱ्याचशा मोठ्या प्रकल्पांत एक फाइल ठेवलेली असते : कोड पाठवण्याआधी हे वाचा. आमच्याकडे तिच्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. मुलं म्हणतात, फुकट काम करून देतोय, वर एवढ्या अटी कशाला? शिक्षक म्हणतात, आमची मुलं खेड्यापाड्यातून, मराठी माध्यमातून आलेली; हे नियम म्हणजे त्यांना बाहेर ठेवायची युक्ती.

मला दोन्ही पटत नाहीत, दुसरं तर मुळीच नाही. नियम जितके सविस्तर लिहिलेले, तितका चोपड्याच्या आणि शहाद्याच्या मुलाचा फायदा, असं माझं म्हणणं आहे. कारण न लिहिलेले नियमही असतातच. ते ज्यांना तोंडी कळतात, ती माणसं आपल्याकडे राहत नाहीत.

पुण्या-बंगळुरात नोकरी करणाऱ्या पोराच्या शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी असतं, ज्याने हे सगळं आधी केलेलं असतं. चहा पिता पिता तो सांगून टाकतो : अरे, तिथे आधी इश्यू उघडायचा, म्हणजे काय बिघडलंय त्याची नोंद करायची, मग कोड लिहायचा. मोठा बदल एकदम टाकू नको, ते बघतसुद्धा नाहीत. रिलीज जवळ आलंय, पंधरा दिवस थांब. ही माहिती कुठल्या अभ्यासक्रमात नाही, आणि तिच्यावाचून पीआर अडतो. बांभोरीच्या किंवा शिरपूरच्या वसतिगृहात ती सांगणारा सापडेलच असं नाही. सीनियर पास झाले की पुण्याची गाडी धरतात आणि मग दिवाळीलाच दिसतात. (सॉफ्टवेअरने खानदेश सोडायची रीत तशी जुनी आहे. विप्रो १९४५ साली अमळनेरात वनस्पती तूप काढायला सुरू झाली. संगणकाचा धंदा मात्र बंगळुरात वाढला.) तहसील कचेरीत दाखल्याला कोणते कागद लागतात त्याचा फलक भिंतीवर नसला, की बाहेरच्या दलालाचं पोट भरतं. फलक लावला की ओळख नसलेल्या माणसाचंही काम होतं. प्रकल्पाची नियमावली हा तसला फलक आहे. तो लांबलचक आहे म्हणून कुरकुर करणाऱ्याने, तो नसता तर कुणाचे पाय धरावे लागले असते, याचा विचार करावा.

लिनक्स कर्नलचंच, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचंच घ्या. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये विद्यार्थी असताना सुरू केलेला हा प्रकल्प आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. त्यात कोड पाठवण्याचे नियम धडकी भरावी इतके बारीक आहेत. पॅच, म्हणजे आपण केलेला बदल, पाठवायचा तो ईमेलने, साध्या मजकुरात. एचटीएमएल नको, अटॅचमेंट नको. एका पॅचमध्ये एकच बदल. वरच्या ओळीत काय केलं ते थोडक्यात, खाली का केलं ते सविस्तर. ओळ आत सरकवायची ती टॅबने, आणि टॅब आठ अक्षरांचा. कोणती फाइल कुणाच्या अखत्यारीत येते याची यादी आहे, आणि ती यादी चाळून 'तुमचा पॅच अमक्या-तमक्यांना पाठवा' असं सांगणारी स्क्रिप्टही आहे. शैलीतल्या चुका आधीच दाखवणारी दुसरी स्क्रिप्ट आहे. म्हणजे कोणाला विचारायचं आणि कसं दिसायला हवं, हे पुण्यातल्या सीनियरने सांगायचं काम तिथे यंत्र करतं, आणि ते यंत्र नंदुरबारच्या मुलालाही तेच उत्तर देतं.

त्या सगळ्या नियमांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अगदी साधा आहे. उत्तर आलं नाही तर किमान एक आठवडा थांबा, मग आठवण करा. नवे बदल आत घेण्याचा दोन आठवड्यांचा काळ चालू असेल तर आणखी थांबा. हा नियम वाचलेला नसला की काय होतं? मुलगा सोमवारी पॅच पाठवतो. बुधवारपर्यंत काही हालचाल नाही. "सर, ते लोक रिप्लायच देत नाहीत. इंडियन नाव दिसलं की सोडून देतात." गुरुवारी तोच पॅच पुन्हा. शुक्रवारी तिसऱ्यांदा, आणखी दहा जणांना सीसी करून. त्यानंतर मात्र खरोखरच कुणी उत्तर देत नाही. भेदभाव कुठेच होत नाही असा माझा दावा नाही. पण तिथे आठवडाभराची शांतता सगळ्यांच्याच वाट्याला येते, अगदी मोठ्या कंपनीच्या पगारी प्रोग्रामरच्याही, हे आधी माहीत असलं तर निम्मा मनस्ताप वाचतो.

एखादा पीआर जवळून पाहू. या जातीचे मी इतके पाहिले आहेत की कोणताही घ्यावा. दुरुस्ती खरी होती. तारीख छापताना दिवस आणि महिना उलटे पडत होते. एका ओळीत दोन शब्दांची अदलाबदल केली की भागत होतं. मुलाने कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर फाइल उघडली, ओळ बदलली, सेव्ह केली. सेव्ह करताना एडिटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजची खूण बसवली. लिनक्सवर ओळ एका न दिसणाऱ्या चिन्हाने संपते, विंडोजवर दोन चिन्हांनी. शिवाय सेव्ह होताना कोड 'नीटनेटका' करणारी सोय चालू होती, त्यामुळे टॅबच्या जागी स्पेस आल्या. पीआर उघडला तर फाइल वरपासून खालपर्यंत लाल आणि हिरवी. लाल म्हणजे काढलेली ओळ, हिरवी म्हणजे घातलेली. शेकडो ओळी काढलेल्या, तितक्याच घातलेल्या, आणि त्यात खरा बदल कोणता हे करणाऱ्यालाही बोट ठेवून दाखवता येईना. पीआरचं शीर्षक 'अपडेटेड फाइल'. मेंटेनरने दोन वाक्यांत तो बंद केला. मुलगा अहिराणीत म्हणाला, "काबर बंद करं?"

उत्तर त्या प्रकल्पाच्या नियमांत लिहिलेलं होतं : आपल्या कामाशी संबंध नसलेल्या ओळींना हात लावू नका, आणि पाठवण्याआधी स्वतःचा डिफ (काय काढलं, काय घातलं याची यादी) स्वतः वाचा. पण नियमामागचं कारण तिथे नव्हतं, आणि मुलांना गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, शिकवताना आपणही ते सांगत नाही. आपण शिकवतो अॅड, कमिट, पुश, की झालं सबमिशन. टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं ते फाइली ढगात साठवायला नाही. कोडची प्रत्येक ओळ कुणी, कधी, कोणत्या कारणाने बदलली हे गिट विचारताक्षणी सांगतं. चार वर्षांनी रात्री दोन वाजता कुणाचा तरी सर्व्हर पडतो, तो माणूस संशयित ओळीवर बोट ठेवून 'ही इथे का आहे' असं विचारतो, आणि त्याला उत्तर मिळतं ते त्या वेळच्या कमिट संदेशातून, म्हणजे बदलासोबत लिहिलेल्या टिपणातून. आमच्या मुलाचा पीआर तसाच आत गेला असता, तर त्या फाइलीतल्या प्रत्येक ओळीवर त्याचं नाव चढलं असतं आणि प्रत्येक ओळीचं कारण 'अपडेटेड फाइल' असं निघालं असतं. जुन्या सगळ्या नोंदी त्याखाली दबल्या असत्या. 'एका वेळी एकच बदल' या नियमाचा पाहुण्याच्या शिस्तीशी फारसा संबंध नाही. तो त्या रात्री दोनच्या माणसासाठी आहे. दुरुस्तीबरोबर टेस्ट, म्हणजे ती नीट चालते का हे तपासणारा छोटा कोड, जोडा म्हणतात तेही त्याच्यासाठीच. आज मारलेला बग पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या बदलाने पुन्हा जिवंत झाला, तर टेस्ट आरडाओरडा करते.

मेंटेनर आखडू असतात, हीही तक्रार ऐकू येते. काही असतातही. पण गेल्या काही वर्षांत त्यांच्या दारात काय काय येऊन पडलं ते पाहिलं पाहिजे. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. २०२० मध्ये चार पीआर पाठवा आणि टी-शर्ट मिळवा अशी योजना होती. टी-शर्टसाठी लोकांनी हजारो प्रकल्पांच्या रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या, फाइलीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' असले शब्द घुसडून पीआर पाठवले. इतका कचरा झाला की ऑक्टोबर चालू असतानाच आयोजकांना नियम बदलावा लागला : जे प्रकल्प स्वतःहून 'आम्ही सहभागी आहोत' म्हणतील तेवढेच धरले जातील. २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या वेब फ्रेमवर्कवर तशीच धाड आली. भारतातल्या एका शिकवणीच्या व्हिडिओत पीआर कसा करायचा हे दाखवायला तो प्रकल्प वापरला होता. पाहणाऱ्यांनी सरावासाठी स्वतःचा प्रकल्प न घेता तोच घेतला आणि रीडमीत आपापली नावं लिहून पाठवत राहिले. जगभरच्या असंख्य वेबसाइटी ज्याच्यावर चालतात त्या कोडच्या रखवालदारांनी दिवस दिवस 'नाव टाकलं' असले पीआर बंद करत बसायचं. दोन्ही वेळी भारतीय विद्यार्थ्यांच्या नावाने बोटं मोडली गेली. मला राग आला तो टोमणे मारणाऱ्यांचा जितका, तितकाच 'आधी करून टाका, मग शिका' असं शिकवणाऱ्यांचाही.

दुसरं प्रकरण याहून गंभीर, आणि प्रत्येक प्राध्यापकाने वर्गात सांगावं असं. एक्सझेड युटिल्स नावाचा फाइली दाबून लहान करणारा प्रकल्प आहे. जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर तो असतो. लासे कोलिन हा एकटा माणूस तो फावल्या वेळात सांभाळत होता. 'जिआ तान' या नावाने कुणीतरी तिथे चांगले पॅच पाठवू लागलं. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कोलिनवर दबाव आणायला सुरुवात केली : पॅच किती दिवस पडून आहेत, प्रकल्प तुम्हाला झेपत नाही, दुसऱ्या कुणाला मेंटेनर करा. थकलेल्या माणसाने अखेर जिआ तानच्या हाती किल्ल्या दिल्या. त्याने चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला दूरच्या संगणकावर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय अशी शंका आली, म्हणून तो सापडला. नाहीतर जगातल्या कितीतरी सर्व्हरांत तो बसला असता.

आता आपल्या मुलांची ती सुपरिचित कॉमेंट आठवा. "सर, प्लीज लवकर मर्ज करा, उद्या सबमिशन आहे." मुलगा निरागस असतो. पण मेंटेनरच्या खिडकीतून ते वाक्य कसं दिसतं? अनोळखी नाव, घाई, विनवणी, पाठोपाठ आणखी चार अनोळखी नावांचा 'प्लस वन'. एक्सझेडनंतर अशा घाईला कुणी बधत नसेल तर तो त्यांचा आखडूपणा मानायचा का? 'धिस इश्यू प्लीज असाइन टू मी' याचंही तेच. नवशिक्यांसाठी राखलेल्या एकेका इश्यूखाली वीस-वीस जण हात वर करून उभे राहतात आणि कोड एकाचाही येत नाही. काही प्रकल्पांनी शेवटी स्पष्ट लिहून टाकलं : आम्ही कुणाला काम नेमून देत नाही, जमत असेल तर करून पाठवा. मला हे आवडलं. यात ज्याचं काम आधी आणि चांगलं, त्याचं घेतलं जातं. मेंटेनरची ओळख असलेल्याला आधीच इश्यू राखून ठेवता येत नाही.

एकाच्या वागण्याची किंमत दुसऱ्याने मोजल्याचं उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मेंटेनरांच्या नकळत कर्नलला मुद्दाम सदोष पॅच पाठवून पाहिले, 'हे पकडतात का बघू' म्हणून. एप्रिल २०२१ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ मेंटेनरने त्या अख्ख्या विद्यापीठाकडून येणारं योगदान घेणंच थांबवलं. ज्यांचा त्या प्रयोगाशी काडीचा संबंध नव्हता तेही भरडले गेले. आमच्या कॉलेजांचे ईमेल पत्ते अजून कोऱ्या पाटीचे आहेत. एका सत्रात दोनशे मुलांना 'प्रत्येकी पाच पीआर' असं लक्ष्य दिलं, तर ती पाटी वर्षभरात भरेल आणि नंतर येणाऱ्या हुशार मुलीला ती पुसत बसावी लागेल.

इंग्रजीचा मुद्दा. तो खरा आहे, पण जितका मोठा करून सांगतात तितका नाही. टॉरवाल्ड्सची मातृभाषा स्वीडिश, कोलिन फिनलंडचा. गिटची धुरा वर्षानुवर्षं वाहणारे जुनियो हमानो जपानी, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा काढणारे ग्वीदो फान रॉसम डच. इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या ज्या सोयीशिवाय पान हलत नाही त्या कर्लचे डॅनियल स्टेनबर्ग स्वीडनचे. घरात इंग्रजी न बोलणाऱ्यांनीच हे जग उभारलं आहे, आणि मोडक्या इंग्रजीत लिहिलेला, पण काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं हे क्रमाने सांगणारा बग रिपोर्ट तिथे आनंदाने वाचला जातो. 'नॉट वर्किंग सर प्लीज हेल्प' हे व्याकरणामुळे पडत नाही, त्यात माहितीच नसते म्हणून पडतं. आमच्या शिक्षकांनी इंग्रजीची भीती पुढे करण्यापेक्षा वर्गात एका प्रकल्पाची नियमावली घ्यावी आणि मराठीत, अहिराणीत, लेवा बोलीत, जमेल तशी समजावून द्यावी. दोन तासांचं काम आहे.

काही नियम मात्र मुलांना नुसते कागदी वाटतात. कर्नलच्या प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणून नाव आणि ईमेल लिहावा लागतो. ही सही कशाची? हा कोड मी लिहिला आहे किंवा तो इथे देण्याचा मला हक्क आहे, याची. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला, की लिनक्समध्ये आमचा युनिक्सचा कोड घुसवला आहे. तो वाद चालू असताना, २००४ पासून, ही सही आली. धुळ्यात राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी घरोघर हिंडून जमवलेली दप्तरं १९२७ पासून तिथल्या संशोधन मंडळात आहेत. जुना कागद कुठून आला, कुणाच्या घरचा, हे कळत नसेल तर इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचं वजन निम्मं. कोडचंही तेच, आणि इथे तर वर कोर्टकचेरीही आहे.

आणि नेमक्या याच जागी एआयचा पेच येऊन बसला आहे. चॅटजीपीटीने लिहून दिलेल्या कोडखाली सही कोणत्या हक्काने करायची? जेंटू आणि नेटबीएसडी या प्रकल्पांनी २०२४ मध्येच असा कोड घेणार नाही, निदान आधी विचारल्याशिवाय घेणार नाही, असं नियमांत घातलं. स्टेनबर्ग तर एआयने रचलेल्या, वाचायला झकास आणि आतून पोकळ अशा सुरक्षा-तक्रारींनी इतके वैतागले की २०२६ च्या जानेवारीअखेर कर्लची बग शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजनाच त्यांनी गुंडाळली. मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. रिव्ह्यूत 'ही अट इथे का घातलीस' असं विचारल्यावर जो स्वतःच्या डोक्याने उत्तर देऊ शकतो, त्याने मदत कुठून घेतली ते सांगितलं की मला पुरे आहे. पण रिव्ह्यूमधला प्रश्न उचलून पुन्हा एआयला विचारणारा आणि त्याचं चार परिच्छेदांचं उत्तर तसंच चिकटवणारा लगेच ओळखू येतो. प्रकल्प जे धोरण ठेवतील ते त्यांनी लिहावं, एवढीच माझी मागणी. न लिहिता मनात ठेवलं, तर पुन्हा ज्याला आतली खबर आहे तो वाचणार आणि बाकीचे तोंडावर आपटणार.

म्हणजे दोष एका बाजूचाच आहे असं नाही. असे कितीतरी प्रकल्प आहेत ज्यांची नियमावली पाच वर्षं जुनी, त्यात सांगितलेली टेस्टची कमांड चालतच नाही, आणि खरे नियम मेंटेनरच्या डोक्यात. मुलगा सगळं वाचून, पाळून पाठवतो आणि उत्तर येतं, 'आम्ही इथे असं करत नाही.' हे कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. काही ठिकाणी पीआर दोन वर्षं तसाच लोंबकळतो. घेतही नाहीत, नाकारतही नाहीत. याबाबतीत एस्क्यूलाइटवाले मला प्रामाणिक वाटतात. तुमच्या-आमच्या प्रत्येक मोबाइलमध्ये असलेला हा डेटाबेस पब्लिक डोमेनमध्ये आहे, हवा तसा वापरा. पण बाहेरच्यांचा कोड आम्ही घेत नाही, हे त्यांनी उघड सांगून ठेवलं आहे. ऐकायला कडू आहे. पण रावेरच्या मुलीचा उन्हाळा वाया जात नाही, आणि भुसावळ-रावेरचा उन्हाळा काय असतो ते इकडच्यांना सांगायला नको.

आमची मुलं तिथे काय देऊ शकतात, हाही प्रश्न विचारला जातो, बहुधा दयेने. एक उदाहरण देतो. मजकूर साफ करणारे प्रोग्राम सगळीकडे असतात. वेबवरून उचललेल्या मजकुरातली न दिसणारी चिन्हं ते कचरा समजून काढून टाकतात. 'दऱ्या' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक ऱ हे वेगळं अक्षर वापरून, आणि दुसरी साध्या र ला हलंत लावून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवून. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या मजकुरावर तो प्रोग्राम फिरला, की जोडचिन्ह उडतं आणि 'सातपुड्याच्या दऱ्या' यातल्या 'दऱ्या'चा चक्क 'दर्या' होतो. दोन्ही शब्द मराठीत आहेत, त्यामुळे स्पेलचेकही गप्प. कॅलिफोर्नियातल्या प्रोग्रामरच्या हे जन्मात लक्षात येणार नाही; शिरपुरातली मुलगी एका नजरेत पकडेल. पण तिने 'मराठी टेक्स्ट नॉट कमिंग प्रॉपर' असं लिहिलं तर ते वाहून जाईल. कोणती आवृत्ती, आत काय दिलं, बाहेर काय आलं, कोणतं चिन्ह गळालं, आणि हे दाखवणारी तीन ओळींची टेस्ट : एवढं दिलं, तर ज्याला मराठीचं अक्षर वाचता येत नाही तोही पाच मिनिटांत मान्य करतो. तिच्याकडचं ज्ञान आणि त्याच्याकडचा अधिकार यांची गाठ नियमावलीच्या साच्यातच पडते.

उरला प्रश्न गुणांचा. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रकल्प आणि इंटर्नशिपला क्रेडिट आलं, आणि ओपन सोर्स योगदान त्यात धरावं अशी मागणी आमच्याकडेही होते. इकडची काही कॉलेजं बहिणाबाई चौधरी विद्यापीठाला जोडलेली, काही लोणेऱ्याच्या आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला, काही स्वायत्त. निर्णय ज्याने त्याने घ्यायचा आहे. गुण द्यावेत, मी बाजूने आहे. पण मर्ज झालेले पीआर मोजून देऊ नयेत. तसं केलं की हॅक्टोबरफेस्टच्या टी-शर्टच्या जागी दहा मार्क येतील, बाकी सगळं तेच. विद्यार्थ्याने सत्रभरात एकच पीआर दाखवावा. त्याआधीची इश्यूवरची चर्चा, डिफ, टेस्ट, रिव्ह्यूत आलेले शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरं, हे सगळं वाचून गुण द्यावेत. तो मर्ज झाला की नाही हे परीक्षकाने पाहूही नये. चांगल्या कारणाने नाकारलेल्या पीआरवर मुलाने दिलेलं उत्तर कधी कधी मर्ज झालेल्या पाच टायपोंपेक्षा जास्त सांगून जातं.

यावर एक प्राध्यापक मित्र म्हणाला, "भाऊ, बरोबर आहे तुमचं. पण साठ मुलांच्या पीआरवरच्या चर्चेचे साठ धागे कोण वाचणार? बाहेरचा परीक्षक सकाळी अकराला येतो आणि त्याला चारची गाडी असते." त्याचं म्हणणं खोटं नाही. आकडे मोजले जातात ते त्यांना काही अर्थ आहे म्हणून नव्हे, दोन मिनिटांत मोजून होतात म्हणून. धागा नीट वाचायचा तर एका मुलामागे अर्धा तास धरावा लागेल. ज्यांना खरंच हे क्रेडिट द्यायचं आहे त्या विद्यापीठांनी परीक्षकाच्या त्या अर्ध्या तासाचं मानधन मंजूर करावं, आणि तोवर अभ्यासक्रमात 'ओपन सोर्स' हा शब्द घालायची घाई करू नये.